कोकिळेचं पोर, माणसाचं पोर

एप्रिल अर्धा सरला की आम्ही घरात झोपत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री बारापर्यंत निवत नाहीत. मग सगळ्या खाटा अंगणात येतात, माठाला ओलं फडकं गुंडाळलं जातं आणि प्राणहितेकडून झुळूक यायची वाट बघत आम्ही आडवे होतो. सुट्टीत पुण्याहून लेकीची लेक येते, ती आठ वर्षांची. इथली थोरली नात अकराची, नातू सहाचा आणि धाकटं बाळ दहा महिन्यांचं. पुण्याची मला आजोबा म्हणते, इथली तातय्या म्हणतात. मी दोन्हींना ओ देतो.

आमच्या घरात भाषा दोन आहेत. मी वरोऱ्याचा, चोविसाव्या वर्षी जंगल खात्याच्या नोकरीवर सिरोंचात आलो आणि इथलाच झालो. बायको इथलीच, तिची भाषा तेलुगू. सूनबाई प्राणहितेच्या पलीकडची, तेलंगणातली. शाळा मराठी. बाजारात तेलुगू, मराठी, हिंदी तिन्ही चालतात आणि आतल्या गावांतून लोक आले की त्यांची माडिया कानावर पडते. सिरोंचात हे कुणाला नवल वाटत नाही.

त्या दिवशी मात्र सूनबाई गप्प होती. सकाळी ती नातवाच्या अभ्यासाची चौकशी करायला शाळेत गेली होती. तिथं कुणीतरी तिला सांगितलं, घरी तेलुगू बोलणं बंद करा, मराठीच बोला, नाहीतर पोरगा दोन्हीकडून कच्चा राहील. ती घरी आली आणि तिनं ते मनावर घेतलं. दुपारभर ती बाळाशी मराठीत बोलायचा प्रयत्न करत होती. एक शब्द बोलायची, दुसरा आठवायला थांबायची. बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. संध्याकाळपर्यंत तिचं बाळाशी बोलणंच आटलं. हे मला सहन होईना. पण सुनेला समोर बसवून उपदेश करणं आमच्या घरात चालत नाही. म्हणून ठरवलं, पोरांना गोष्ट सांगायची. अंगणात सांगितलेली गोष्ट दारात बसलेल्यालाही ऐकू येते.

तेवढ्यात चिंचेवरून कुहू झालं. उन्हाळ्यात हा पक्षी रात्रीही गप्प बसत नाही.

"तातय्या, कोकिळेला गाणं कोण शिकवतं?" नातवानं विचारलं.

"गातो तो कोकीळ, नर. काळाभोर. मादी ठिपक्यांची असते, तिचा आवाज किक्-किक्-किक् असा. आणि त्याला शिकवतं कोण म्हणशील तर कुणीच नाही."

मग त्यांना कावळ्याच्या घरट्याची गोष्ट सांगितली. कोकिळा आपलं अंडं कावळिणीच्या घरट्यात टाकून जाते. कावळीण ते उबवते, पिल्लाला घास भरवते. पिल्लू डोळे उघडतं ते कावळ्यांत आणि दिवसभर काव काव ऐकतं ते अगदी कानाशी. तरी पंख फुटून उडालं आणि वयात आलं की ते कुहूच म्हणतं. ती तान ते सोबत घेऊनच अंड्यातून बाहेर पडतं.

"म्हणजे सगळ्या पक्ष्यांना आपोआप येतं?" पुण्याची.

सगळ्यांना नाही. इंद्रावती ओलांडली की बस्तर. तिथल्या जंगलात पहाडी मैना राहते, छत्तीसगडनं तिला राज्यपक्षी केलंय. पिंजऱ्यातली पहाडी मैना माणसासारखं इतकं स्पष्ट बोलते की पाहुणा दचकतो. पण रानातली मैना माणसाची काय, दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचीही नक्कल करत नाही. ती शिकते शेजारच्या मैनांकडून. एका भागातल्या मैनांची शीळ वेगळी, काही कोसांवरच्या मैनांची वेगळी. पिंजऱ्यात मात्र तिला जातभाई भेटत नाहीत, समोर येऊन तिच्याशी बोलणारा असतो तो माणूस. मग ती माणसाचं उचलते.

"आता सांगा, माणसाचं पोर कोकिळेसारखं की मैनेसारखं?"

थोरली म्हणाली, मैनेसारखं. नातू म्हणाला, कोकिळेसारखं, कारण आपलं बाळ न शिकवता रडतं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

हाच प्रश्न अकबर बादशहाला पडला होता. माणसाची मूळ भाषा कोणती? कुणीच काही शिकवलं नाही तर पोर आपणहून काय बोलेल? बादशहाच तो, त्यानं करूनच बघितलं. वस्तीपासून दूर एक वाडा बांधला, तान्ही मुलं तिथं ठेवली, सांभाळायला दाया ठेवल्या. खायला-प्यायला कमी नाही, हुकूम एकच: मुलांच्या कानावर शब्द पडता कामा नये. चारेक वर्षांनी, १५८२ मध्ये, अकबर तिथं गेला. अबुल फझलनं अकबरनाम्यात लिहून ठेवलंय की मुलांच्या तोंडून मुक्यांसारखे आवाज तेवढे निघाले, भाषा नाही. लोकांनी त्या वाड्याचं नाव ठेवलं गुंग महाल. गुंग म्हणजे मुका.

पोरं एकदम शांत झाली. दारात सूनबाई बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला.

"त्या मुलांशी कुणीच बोललं नाही?" थोरलीनं विचारलं.

"कुणीच नाही. आज तसं करायला कुणी धजणार नाही, धजूही नये. पण आपल्या बाळाचं बघा. त्याचं ऐकणं जन्माच्या आधीच सुरू झालं."

"अभिमन्यूसारखं!"

अभिमन्यूसारखा चक्रव्यूह नाही कळत पोटात. कळतो तो सूर. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोटातल्या बाळाला ऐकू येतं, पण पाण्यात बुडी मारून काठावरचं बोलणं ऐकावं तसं. शब्द विरघळतात, चढउतार राहतात. कॅथलीन वेर्म्के या जर्मन संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ६० नवजात बाळांचं रडणं तपासलं, तीस फ्रेंच घरांतली आणि तीस जर्मन घरांतली. बाळं दोन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढत जायचा, जर्मन बाळांचा वरून खाली यायचा. त्या भाषांची वाक्यंही तशीच चालतात. रडणं आपोआप येतं हे नातवाचं खरं, पण त्या रडण्याला चाल आईची असते. आपलं बाळ तर पोटात असल्यापासून तेलुगू आणि मराठी दोन्ही ऐकत होतं.

मग मी पोरांना एक खेळ दिला. "ताट म्हणा. आता टाट म्हणा." त्यांना हसू आलं. यात अवघड ते काय! पण ज्याचं बालपण इंग्रजीत गेलं त्या मोठ्या माणसाला या दोन अक्षरांतला फरक नीट ऐकूसुद्धा येत नाही. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, म्हणजे खेळण्यातला प्राणी उजळून नाचणार, एवढं बाळ शिकतं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोडी. घरात कधी न ऐकलेला फरक त्यांच्या कानांनी चार महिन्यांत सोडून दिला होता.

"मग ती बाळं विसरली?"

मला ते विसरणं वाटत नाही. जंगलात नवा माणूस प्रत्येक पानाच्या सळसळीला दचकतो. जुना वनमजूर वाऱ्याची सळसळ सोडून देतो, म्हणून त्याला पायाची सळसळ लगेच कळते. बाळही तसंच करतं. जे घरात चालतं त्यावर कान लावायचा तर जे चालत नाही त्यावरचं लक्ष काढून घ्यावं लागतं. बाळ दहा महिन्यांचं आहे, म्हणजे आत्ता, या महिन्यात, त्याच्या कानात ही निवड चालू आहे.

आता हे बघा. चहातला च आणि चुलीतला च एकच आहे का? लिहायला एक, म्हणायला दोन. चहा म्हणताना जीभ टाळूला लागते, चूल म्हणताना दातांजवळ. पुस्तकात यासाठी वेगळं चिन्ह नाही, बाई ते शिकवत नाहीत, तरी पहिलीतलं मराठी पोर चुकत नाही. तेलुगूतही दोन्ही च आहेत. 'चालु' म्हणजे पुरे, त्यातला च चुलीचा. 'चेट्टु' म्हणजे झाड, त्यातला च चहाचा. ळ दोन्हीकडे आहे. आणखी एक गंमत: आपण आणि आम्ही. "आपण जेवू" म्हटलं की ऐकणारा पंगतीत आला, "आम्ही जेवतो" म्हटलं की तो बाहेर. हिंदीत दोन्हींना हम, इंग्रजीत दोन्हींना वुई. तेलुगूत मात्र मराठीसारखेच दोन शब्द, 'मनम्' आणि 'मेमु'. शेकडो वर्षं दक्षिणेच्या भाषांच्या शेजारानं मराठीला ही खोड लागली असं भाषापंडित मानतात. सूनबाईच्या तेलुगूतून बाळ जे शिकतंय त्यातलं कितीतरी मराठीसाठीही कामाचं आहे.

नातवानं विचारलं, "पण बाळाला शब्द कुठं संपला ते कसं कळतं?"

सहा वर्षांच्या पोराचा हा प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. कारण बोलण्यात शब्दांमध्ये जागा नसतेच. जागा असते ती वहीत. सूनबाईचं माहेरचं माणूस भरभर तेलुगू बोलायला लागलं की पुण्याच्या नातीला ती एक लांबलचक सरच वाटते, मणी सुटे दिसत नाहीत. जेनी सॅफ्रन आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांसाठी चार खोटे शब्द केले: बिडाकू, पाडोटी, गोलाबू, टुपिरो. ते एकसुरी आवाजात, मध्ये न थांबता, उलटसुलट क्रमानं फक्त दोन मिनिटं ऐकवले. दोन मिनिटांनी बाळांना बिडाकू ओळखीचा झाला होता, आणि एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला जोडलेला तुकडा परका. 'बि'मागे 'डा' नेहमीच येतो, पण 'कू'मागे काय येईल याचा नेम नाही. बाळ हा हिशेब ठेवतं. भा मागे त किती वेळा आला, त मागे खा किती वेळा. कुणी न सांगता, झोपेत दूध ओढता ओढता.

पोरांनी बिडाकू-पाडोटीचा जप सुरू केला, तो थांबवायला मला पाणी पिण्याचं निमित्त करावं लागलं.

पण एवढ्या हिशेबाचा भार आपण बाळावर एकट्यावर टाकत नाही. आपण त्याला मदत करतो, आणि आपल्याला ते कळतही नाही. बाळाशी बोलताना नानम्माचा, म्हणजे तुमच्या आजीचा, आवाज कसा होतो ते आठवा. उंच, लांबवलेला, तेच तेच पुन्हा. "चिऊ बघ, चिऊ आली, चिऊ भुर्र गेली." भात म्हणजे मम्म, देव म्हणजे जेजे, झोप म्हणजे जोजो. तेलुगूत भात म्हणजे बुव्वा, अंघोळ म्हणजे लाला, देव म्हणजे जेजी. मोठी माणसं या बोलीला पोरखेळ म्हणतात. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी तिला तसं मानलं नाही. १९६४ मध्ये त्यांनी मराठी बाळबोलीवर एक शोधनिबंध लिहिला आणि तो परदेशातल्या नामांकित भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकानं सहा भाषांतली बाळबोली शेजारी ठेवून बघितली, त्यात अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्याबरोबर मराठीही होती. दूरदूरच्या भाषा, पण बाळबोलीची ठेवण सारखी: सोपे आवाज, दुहेरी अक्षरं, खाणं, झोपणं, अंग, प्राणी, नाती. चिऊ-काऊ हे शास्त्रात जाऊन बसले ते असे. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

अमेरिकेत देब रॉय नावाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांच्या घरी बाळ जन्मलं तेव्हा त्यांनी घरभर छताला कॅमेरे आणि माइक बसवले आणि पहिली तीन वर्षं घरातलं बोलणं टिपून ठेवलं. चित्रणच ९० हजार तासांचं झालं. त्यांच्या मुलाला पाण्यासाठीचा शब्द नीट म्हणता यायला सहाएक महिने लागले. आधी नुसतं गागा, मग हळूहळू वॉटर. सगळं तपासताना त्यांना दिसलं की मूल एखाद्या शब्दाच्या जवळ आलं की आई, वडील, दाई सगळ्यांचीच त्या शब्दाची वाक्यं आपोआप छोटी होत गेली, आणि शब्द मुलाच्या तोंडी बसला की पुन्हा लांब. कुणी ठरवलं नव्हतं. उंच फांदीवरचं फळ पोराला तोडायचं असतं तेव्हा आपण फांदी वाकवून धरतो ना, तसं.

फांदी वाकवायची तर ती वाकवणाऱ्याला ठाऊक पाहिजे. दुपारी सूनबाई मराठीत बोलत होती तेव्हा तिला फांदीच सापडत नव्हती. ज्या भाषेत स्वतः अडखळतो त्या भाषेत बाळाशी लाडानं, भरभरून, चूक दुरुस्त करत, चिडवत बोलता येत नाही. हे मी मोठ्यानं म्हटलं नाही, पण "आईला स्वतःच्या भाषेतच बोबडं बोलता येतं" एवढं म्हटलं.

"आजोबा, मग बाळाला मोबाइलवर मराठी गाणी लावून द्यायची. शिकेल की," पुण्याची म्हणाली.

तिचा उपाय सरळ होता, आणि तो करूनही बघितला गेलाय. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली, त्यांनी खेळणी दाखवली, पुस्तकं वाचली. बारा बैठका, प्रत्येक पंचवीसेक मिनिटांची. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसता आवाज. माणसांजवळ बसलेली बाळं चिनी आवाजांतला अवघड फरक तैवानमधल्या बाळांइतका ओळखायला लागली. पडद्यासमोरची आणि नुसता आवाज ऐकणारी बाळं काहीच शिकली नाहीत. शब्द तितकेच कानावर पडले होते. पडदा मात्र बाळानं बोट दाखवलं तिकडे बघत नव्हता.

"मग व्हिडिओ कॉलवर नानम्मा मला तेलुगू शिकवते ते?"

ते चालतं! नानम्मा तुझ्याकडे बघून बोलते, तू चुकलीस तर हसते, तुझ्यासाठी थांबते. २०१४ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर हेही तपासलं गेलं: समोरच्या माणसाकडून आणि थेट व्हिडिओ कॉलवरून मुलं नवे शब्द शिकली, आधीच टिपून ठेवलेल्या चित्रफितीतून नाही. बोलणाऱ्यानं मुलाला उत्तर दिलं पाहिजे. मागे एक हिशेब खूप गाजला होता की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. तो ४२ घरांवरून बांधलेला अंदाज होता आणि नंतर त्यावर पुष्कळ हरकती आल्या. गरिबाच्या अंगणात आजी, काकू, शेजारीण किती बोलतात ते त्यात धरलंच नव्हतं. माझं मत त्या हरकतींच्या बाजूनं आहे. बाळाशी किती देवघेव झाली, तो आकडा मला मोलाचा वाटतो.

आणि नुसतं ऐकून परत म्हणणं म्हणजेही भाषा नाही. हा आमचा नातू तीन वर्षांचा असताना "मी चित्र करलं" म्हणायचा. त्याच्यापुढे कुणीच करलं म्हणालं नव्हतं. धरलं, मारलं, भरलं ऐकून त्यानं मनात नियम बांधला आणि करला लावला. केलं वर यायला त्याला वर्षभर लागलं. या चुकीनं मला त्याची बुद्धी दाखवली होती. आता तो लाजून उशीत तोंड खुपसतो.

मोठ्या माणसाची गोष्ट निराळी. मी सिरोंचात आलो तेव्हा दोन महिन्यांत बाजारापुरतं तेलुगू आलं. सुरुवातीला मोठी माणसं लहानांपेक्षा भरभर शिकतात. इंग्रजी बोलणारी कुटुंबं हॉलंडला राहायला गेली तेव्हाही पहिल्या काही महिन्यांत मोठी मुलं आणि माणसंच पुढे होती, चिमुकली मागे. आपल्याला नियम समजतो, यादी पाठ होते. पण तेलुगूत पुरुष आला तर 'वच्चाडु', बाई आली तरी आणि गाय आली तरी 'वच्चिंदि'. माझं तो-ती-ते शिकलेलं मन तिथं आजही क्षणभर थांबतं. तेलुगू शेजारी मराठीत तो झाड म्हणतो, तेव्हा त्याचं मन तसंच थांबलेलं असतं. सुमारे पावणेसात लाख लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन २०१८ मध्ये काही संशोधकांनी अंदाज बांधला की व्याकरण सहज उचलायची ताकद सतराएक वर्षांपर्यंत टिकते आणि मग ओसरते. त्यात आणखी एक कारण मी घालीन. मोठ्याशी कुणी फांदी वाकवून बोलत नाही. मी अडखळलो की दुकानदार दयेनं हिंदीवर यायचा आणि माझी शिकवणी तिथंच संपायची. डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई १९७३ नंतर हेमलकशाला राहिले, तेव्हा तिथं वळायला दुसरी भाषाच नव्हती. रोग्याला कुठं दुखतं ते माडियातच विचारायचं. त्यांनी ती माडियांकडूनच, त्यांच्यात राहून घेतली.

थोरली बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, "तातय्या, पण मोबाइल तर मराठीत उत्तरं देतो. त्याच्याशी कोण बोबडं बोललं?"

म्हणून मी त्यांना दुसरा खेळ दिला. मी वाक्य अर्धं सोडीन, तुम्ही पुरं करा. "चुलीवर भात..." शिजतो! "नदीला पूर..." आला! "वाघानं गाय..." मारली! बघा, तुम्ही न ऐकताच ओळखलंत. यंत्र हेच करतं. पुढचा शब्द कोणता येईल ते ओळखायचं, चुकलं की आतले आकडे जरा हलवायचे, पुन्हा ओळखायचं. सॅफ्रनच्या बाळाचा हिशेब आणि हा हिशेब चुलतभाऊ आहेत. फरक खुराकाचा आहे. मूल तेराएक वर्षांचं होईपर्यंत फार तर १० कोटी शब्द ऐकतं असा अंदाज आहे. २०२० मध्ये जीपीटी-३ नावाचं यंत्र आलं, त्याला ३० हजार कोटी शब्दतुकड्यांवर शिकवलं होतं. म्हणजे ढोबळमानानं तीन हजार मुलांची बालपणं एका यंत्रात ओतली. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या लामा-३ या यंत्राला १५ लाख कोटी. दीड लाख मुलांची बालपणं! आणि इतकं वाचूनही त्यानं भात शिजताना झाकण उडालेलं पाहिलेलं नाही.

"मग त्याला दाखवायचं," नातू म्हणाला.

ते करून बघितलंय. ऑस्ट्रेलियातल्या एका बाळाच्या डोक्यावर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अधूनमधून छोटा कॅमेरा बांधला होता. त्यातलं ६१ तासांचं चित्रण न्यूयॉर्कच्या संशोधकांनी यंत्राला दिलं. दुसरं काही दिलं नाही. बाळाला दिसलं ते आणि त्या वेळी कानावर पडलं ते. २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की एवढ्याशा शिदोरीवर यंत्र चेंडू म्हटल्यावर चेंडूचं चित्र निवडायला शिकलं, असे बरेच शब्द शिकलं. दिसणं आणि ऐकणं एकत्र आलं की थोड्यात पुष्कळ होतं. पण त्यानं पाण्याचा शब्द तहानेशी जोडला का, तर नाही.

"माडिया येतं का त्याला?"

थोरलीच्या वर्गात आतल्या गावांतल्या माडिया मुली आहेत, म्हणून तिनं विचारलं. यंत्राला जे लिहिलेलं सापडतं ते येतं. जीपीटी-३ च्या खुराकात नव्वद टक्क्यांहून जास्त इंग्रजी होतं. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख, तरी त्या ताटात मराठी चिमूटभर. माडिया गोंडीच्याच घरातली. गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, पण गोंडी राहते तोंडात, गाण्यात, तरुण पोरापोरींच्या गोटुलात. लिहिलेलं फार थोडं. यंत्राच्या कानाला तिथं गुंग महालच आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं आदि वाणी नावाचं भाषांतराचं साधन काढलं, पहिल्या चार भाषांत गोंडी आहे. चांगलं झालं. पण तुझी मैत्रीण पाण्याला एर म्हणते ते तिनं आजीकडून घेतलंय, आणि तिचं धाकटं भावंडही आजीकडूनच घेईल.

नातू झोपला होता. पुण्याची डोळे मिटून बिडाकू पुटपुटत होती. सूनबाई उठून माझ्या खाटेजवळ आली. "मामय्या, दोन भाषांनी खरंच बाळ मागं पडतं का?"

मी तिला माहीत आहे तेवढं सांगितलं. दोन भाषांच्या घरातलं बाळ पहिला शब्द साधारण इतरांच्याच सुमारास बोलतं. एकाच भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतात, दोन्ही मिळून मोजले की बरोबरीला येतात. पोटात असताना दोन भाषा ऐकलेली बाळं जन्मताच दोन्हींकडे कान देतात आणि दोन्ही वेगळ्याही ओळखतात. जी भाषा जास्त ऐकेल ती जास्त येईल, म्हणून मराठी मी बोलेन, शाळा बोलेल, थोरली बोलेल. तेलुगू तू आणि नानम्मा. दुपारी बाळ गप्प झालं ते भाषेनं गोंधळून नाही, तू गप्प झालीस म्हणून.

ती काही बोलली नाही. बाळाला उचलून चुलीकडे गेली. तिकडून आवाज आला, उंच, लांबवलेला: "बुव्वा कावाला नान्ना? बुव्वा?" मग ती थांबली. बाळानं काहीतरी ब-ब-ब केलं. ती हसली आणि पुन्हा म्हणाली, बुव्वा.

सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत जाणार आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडीतून शाळा सुरू केली, तेवढं मोठं मागणं माझं नाही. सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागडातल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती एवढीच: पालकांना घरची भाषा बंद करायला सांगू नका. मुलाला मराठी तुम्ही द्या, तुमच्या तोंडून, त्याच्या डोळ्यांत बघून, त्याच्या उत्तरासाठी थांबून. त्याच्या आईला तेलुगूत, माडियात, तिच्या भाषेत भरभरून बोलू द्या.